काऊन

१३ मे २०२३, शनिवार. रात्रीचे दहा वाजले होते आणि एस्पोमध्ये आमच्या खिडकीबाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. मे महिन्यात फिनलंडमध्ये तसंच असतं, मुलांना झोपवायचं कसं हा रोजचा प्रश्न. त्या रात्री तो प्रश्न नव्हता, कारण सगळी बिल्डिंग जागीच राहणार होती. युरोव्हिजनची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेची, फायनल होती, लिव्हरपूलला, आणि फिनलंडकडून कॅरिया नावाचा मुलगा 'चा चा चा' गाणार होता. हिरव्या रंगाच्या, फुग्यासारख्या फुगलेल्या बाह्या घालून, आणि चक्क फिनिशमध्ये.

आम्ही शेजारच्या मुम्मोकडे बसलो होतो. मुम्मो म्हणजे फिनिशमध्ये आजी. माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती, ती तिला मुम्मो म्हणायची म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. तिने कॉफी केली होती, कोरवापूस्ती म्हणजे ते दालचिनीचे गोड पाव भाजले होते, आणि गाणं तिला अजिबात आवडलेलं नव्हतं हे ती सकाळपासून सांगत होती. फार आरडाओरडा आहे म्हणे, आणि विषय काय तर आठवडाभर राबून मग प्यायला जाणं. पण कॅरिया लाकडी खोक्यातून बाहेर आला, गाणं सुरू झालं आणि लिव्हरपूलच्या हॉलमधली हजारो माणसं, ज्यांनी आयुष्यात फिनिशचा एक शब्द उच्चारला नसेल, ती त्याच्याबरोबर ओरडायला लागली. मी वळून पाहिलं तर मुम्मो रडत होती.

मला आधी वाटलं हरल्यामुळे, पण हरायला अजून दोन-तीन तास होते.

नंतर तिने सांगितलं. तिच्या पिढीला लहानपणापासून ऐकवलं गेलं होतं की आपण युरोव्हिजनमध्ये हरतो त्याचं कारण आपली भाषा आहे. १९६३ला शून्य, १९६५ला शून्य, १९८२ला पुन्हा शून्य. किती वेळा शेवटचा नंबर आला त्याची मोजदाद नाही. मग २००६ला लॉर्डी हा फिनिश बँड जिंकला, राक्षसांचे मुखवटे घालून हेवी मेटल गात, पण ते इंग्लिशमध्ये. देश आनंदाने वेडा झाला आणि त्याच वेळी लोकांच्या मनातली ती समजूत अजून घट्ट बसली, की बघा, फिनिश सोडलं तेव्हा जमलं. आणि आता हा हिरव्या बाह्यांचा पोरगा. प्रेक्षकांच्या मतांमध्ये त्याला ३७६ गुण मिळाले, जिंकलेल्या स्वीडनच्या लोरीनला त्यात २४३ होते. ज्युरीने मात्र लोरीनला ३४० आणि ह्याला १५० दिले, त्यामुळे बेरजेत ५८३ विरुद्ध ५२६, दुसरा नंबर. बिल्डिंगमध्ये रात्री दोनला कोणीतरी बाल्कनीतून ज्युरीच्या नावाने फिनिशमधल्या खास शिव्या दिल्या. मुम्मो शांत होती. ती म्हणाली, मला नंबर नको होता, मला ते एवढे लोक आमचे शब्द तोंडात घोळवताना बघायचे होते हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं.

त्या रात्रीपासून मला या विषयाचं वेड लागलं. मुलगी झोपली की मी जुने व्हिडिओ बघत बसायचे. सुरुवातीला करमणूक म्हणून, नंतर खरंच काहीतरी शोधत.

आता थोडं भाषेच्या नियमाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्पर्धा सुरू झाली १९५६ला, स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला, फक्त सात देश होते. भाषेचा नियम नव्हता, कारण कोणी परक्या भाषेत गाईल असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. १९६५ला स्वीडनचा एक ऑपेरा गायक इंग्लिशमध्ये गायला आणि गडबड झाली, पुढच्याच वर्षी नियम आला की ज्याने त्याने आपल्या देशाच्या भाषेतच गायचं. १९७३ला नियम काढला, १९७४ला स्वीडनचा आबा हा बँड इंग्लिश गाणं घेऊन आला आणि जिंकला, १९७५ला नेदरलँड्स जिंकलं तेही इंग्लिशमध्ये, म्हणून १९७७ला नियम परत आणला, आणि १९९९ला पुन्हा काढला तो आजपर्यंत. मधल्या त्या बावीस वर्षांत आयर्लंड सहा वेळा जिंकलं आणि ब्रिटन दोनदा. ज्यांची भाषा सगळ्यांना कळते त्यांना फायदा, हे उघडच होतं. बाकीच्यांनी काय केलं तर पळवाटा शोधल्या. ध्रुवपदात ला ला, डिंग डाँग, बूम बँग, म्हणजे कुठल्याच भाषेचं नसलेलं काहीतरी, जे सगळ्यांना गाता येईल. नॉर्वे १९९५ला जिंकलं ते गाणं तर जवळजवळ सगळं व्हायोलिनवर आहे, शब्द अख्खे चोवीस. नियम आपल्या भाषेत गा म्हणत होता आणि लोक भाषाच गाळून टाकत होते. जबरदस्तीने हेच होतं, मला यात नवल वाटत नाही.

पण मला अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. नियमात शब्द होता देशाची भाषा. आणि देशाची भाषा आणि घरची भाषा एकच असते हे कोणी ठरवलं?

१९६८चं स्पेन घ्या. फ्रँकोची हुकूमशाही. स्पर्धेसाठी गाणं निवडलं होतं 'ला ला ला', गायक जोआन मानुएल सेर्रात, बार्सिलोनाचा. त्याने सांगितलं मी कॅटलनमध्ये, म्हणजे आमच्या बार्सिलोनाकडच्या भाषेत, गाईन. सरकारने नाही म्हटलं, स्पर्धा काही दिवसांवर आलेली असताना त्याला काढून मासिएल नावाच्या गायिकेला आणलं, तिने तेच गाणं स्पॅनिशमध्ये गायलं आणि लंडनला एका गुणाने जिंकली. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिलाय. ती छान गाते, तिचा काही दोष नाही. पण विचार करा, त्या गाण्यात शंभराहून जास्त वेळा नुसतं 'ला' आहे. ला तर स्पॅनिशमध्येही ला आणि कॅटलनमध्येही ला. राहिल्या कडव्यांच्या थोड्याशा ओळी. एवढ्या थोड्या ओळींसाठी एक माणूस एवढी मोठी संधी सोडतो आणि एक सरकार एवढं घाबरतं. युरोव्हिजनच्या स्टेजवर कॅटलन ऐकू यायला २००४ उजाडलं, तेही स्पेनकडून नाही तर शेजारच्या चिमुकल्या अँडोरा देशाकडून, आणि अँडोरा सहा वर्षं आलं आणि एकदाही फायनलला पोचलं नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण स्पेन नाही.

माझं गाव अकोला जिल्ह्यात. घरी आम्ही वऱ्हाडी बोलायचो. मले, तुले, काऊन, कायले. आमच्या घरी ळ नव्हताच, डोया दुखायचा, केयी पिकायची आणि पोरी शायेत जायच्या. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसायची, संध्याकाळी पोरींचा घोळका घरोघर जायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी ज्या घरी गाणी झाली त्या घरचा खाऊ ओळखायचा. डबा हलवून दाखवायचे, आवाजावरून सांगायचं गोड की तिखट, आणि ओळखता नाही आला तर सगळ्यांची फजिती. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण गाण्यात स्वतःच्या ओळी घालायची. एक वर्षी मी तालुक्याच्या शाळेतून उशिरा आले, पाऊस होता, एसटी बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी आजीच्या गाण्यात ते आलं.

लेक माही शायेत गेली
काऊन अजून नाई आली

एवढंच. पुढे पाऊस आणि नाला आणि अजून काय काय होतं, ते आता माझ्याजवळ नाही.

नववीत शाळेकडून लोकगीत स्पर्धेला जायचं ठरलं तेव्हा मी हे गाणं दिलं. बाईंना आवडलं. फक्त म्हणाल्या, जरा शुद्ध करून घेऊ, बाहेरचे परीक्षक असतात. त्यांनी वहीत लाल पेनने नीट लिहून दिलं, लेक माझी शाळेत गेली, का गं अजून नाही आली. मात्रा बरोबर बसतात बघा. बाई हुशार होत्या, काऊनच्या जागी नुसतं 'का' टाकलं तर ताल लंगडतो म्हणून त्यांनी 'गं' घातला. मी पाठ केलं, स्पर्धेत गायलं, आमचा दुसरा नंबर आला. घरी येऊन आजीला म्हणून दाखवलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोनाच्या घरचं गानं व माय?"

ती रागावली नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

मला ते कळायला पंचवीस वर्षं लागली. 'का गं' हे कोणाला तरी विचारलेलं असतं, समोर कोणीतरी मैत्रीण आहे आणि तिला आपण विचारतोय. आजीचं 'काऊन' कोणाला विचारलेलं नव्हतं. ती दारात उभी होती आणि स्वतःशीच म्हणत होती. त्या लांबलेल्या 'ऊ'मध्ये तिची काळजी होती, रस्त्याकडे बघणं होतं. 'का गं'मध्ये ती जागाच नाही. बाईंनी अर्थ तसाच ठेवला होता, ताल तसाच ठेवला होता, आणि आजी दारातून नाहीशी झाली होती. मी बाईंना दोष देत नाही, त्यांनाही कोणीतरी असंच लाल पेनने शुद्ध केलेलं असणार. पण मी पुढे पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा पहिल्या महिन्यातच सगळं वऱ्हाडी बाजूला ठेवून दिलं, हॉस्टेलवर कोणी हसायच्या आधीच. तिथे घरी फोन करायचा तर एसटीडी बूथच्या काचेमागे आवाज बारीक करून.

म्हणून मला युरोव्हिजनमध्ये ती गाणी जास्त जवळची वाटतात जी देशाच्या भाषेत नसून घरच्या भाषेत आहेत. १९८०ला नॉर्वेने एक गाणं पाठवलं, 'सामीद एदनान', म्हणजे सामी लोकांची, तिथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांची, भूमी. त्याच्या आधीच्या वर्षी आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी माणसं ओस्लोत संसदेसमोर उपोषणाला बसली होती. गाण्याची कडवी नॉर्वेजियनमध्ये आहेत, आणि मग मात्तिस हेत्ता नावाचा सामी माणूस स्टेजवर येतो आणि योइक, म्हणजे सामींचं पारंपरिक गाणं, गातो. योइकमध्ये शब्द नसले तरी चालतं. आणि सामी लोक असं सांगतात की योइक एखाद्या माणसाबद्दल किंवा डोंगराबद्दल नसतो, तुम्ही त्या माणसालाच, त्या डोंगरालाच गाता. त्याला फार गुण मिळाले नाहीत, सोळावा नंबर आला. मला मात्र तो डिंग डाँगच्या अगदी उलट टोकाला दिसतो. दोन्हीकडे शब्द नाहीत, पण एकीकडे कोणाचंच नसलेलं काहीतरी आहे आणि दुसरीकडे इतकं आपलं की शब्दांची गरजच पडत नाही.

आणि जमालाचं '1944'. २०१६, स्टॉकहोम. ती युक्रेनकडून गात होती, कडवी इंग्लिशमध्ये आणि ध्रुवपद क्रिमियन तातार भाषेत. १९४४च्या मे महिन्यात स्टालिनने अख्ख्या तातार समाजाला क्रिमियातून उचलून मालगाड्यांत भरून मध्य आशियात फेकलं, त्यात जमालाची पणजी होती, पाच लेकरांसकट, आणि त्यातली एक मुलगी वाटेतच गेली. जमालाचा स्वतःचा जन्म त्यामुळेच किरगिझस्तानमधला. ध्रुवपदातले शब्द तिने एका जुन्या लोकगीतातून घेतलेत, जे पणजीकडून घरात आलं होतं. मला तातार येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भांडी लावत होते आणि इंग्लिश ओळींपर्यंत मी भांडीच लावत राहिले, ध्रुवपद सुरू झालं आणि हात थांबला. इंग्लिशमध्ये ती आपल्याला सांगते की काय झालं. तातारमध्ये ती आपल्याशी बोलतच नाही, ती पणजीशी बोलतेय आणि आपण दाराआडून ऐकतोय. हेच ते काऊन आणि का गं.

ज्यांना वाटतं की लोकांना कळलं नाही तर लोक ऐकणार कसे, त्यांच्यासाठी साल्वादोर सोब्राल आहे. पोर्तुगाल १९६४पासून येत होतं आणि एकदाही जिंकलं नव्हतं, २०१७ला हा बहिणीने लिहिलेलं गाणं घेऊन आला, मागे ना आग ना धूर, सूट ढगळा, पोर्तुगीजमध्ये हळू आवाजात गायला आणि ७५८ गुण मिळवून गेला. नियम काढल्यापासून २०२५पर्यंत अख्खं गाणं इंग्लिशखेरीज दुसऱ्या भाषेत असून जिंकलेले चारच, सर्बियन, पोर्तुगीज, इटालियन आणि युक्रेनियन. चार म्हणजे कमीच. पण त्या चौघांवर कोणाची जबरदस्ती नव्हती, इंग्लिशचा दरवाजा उघडा होता आणि ते त्यातून गेले नाहीत. इंग्लिशमध्ये गाणारे खोटे असतात असं मला म्हणायचं नाहीये, आबा खोटे नव्हते. आयर्लंडने १९७२ला एकदाच आयरिशमध्ये गाणं पाठवलं, अठरा देशांत पंधरावं आलं, परत कधी अख्खं गाणं आयरिशमध्ये पाठवलं नाही, बाकी सातही वेळा जिंकले ते इंग्लिशमध्ये, आणि आता ती त्यांच्याही घरची भाषा झालीय. हे सगळं इतकं सरळ नाही. मी फक्त एवढं म्हणते की कुठे गाणारा माणूस स्वतः दारात उभा आहे आणि कुठे तो नाहीये, ते ऐकणाऱ्याला कळतं, भाषा कळो न कळो.

आता २०२५. स्वीडनने १९९८नंतर पहिल्यांदा स्वीडिश गाणं पाठवलं, 'बारा बादा बास्तू', म्हणजे चला नुसतं सौना घेऊया. आणि गाणारे स्वीडनचे नाहीतच, फिनलंडचे, व्योरो नावाच्या छोट्या गावाकडची तीन मुलं, केविन, आक्सेल आणि याकोब, त्यांच्या आद्याक्षरांवरून बँडचं नाव 'काय'. लेक हे ऐकून लोळून हसली, आई बँडचं नाव काय, काय, काय. फिनलंडमध्ये साधारण पाच टक्के लोकांची मातृभाषा स्वीडिश आहे, पण ही मुलं गातात ती पुस्तकातली स्वीडिशही नाही, त्यांच्या गावाकडची बोली आहे. स्वीडनमध्येही सगळ्यांना नीट कळत नाही म्हणे. ही मुलं वर्षानुवर्षं याच बोलीत विनोदी गाणी करत आली.

पुन्हा मुम्मोकडेच बसलो होतो. ती यावेळी जरा थकलेली होती, मधल्या काळात तिचे यजमान गेले. मला माहीत नव्हतं ते त्या रात्री कळलं, ते त्याच भागातले होते, वासा शहराजवळच्या एका खेड्यातले. हेलसिंकीत नोकरीला आले तेव्हा फिनिश बोलायला शिकले, आणि इथल्या स्वीडिश बोलणाऱ्या लोकांमध्ये गेले की तिथली सफाईदार स्वीडिश बोलायचे. गावची बोली फक्त फोनवर, आईशी. मुम्मोला त्यातलं काही कळायचं नाही, इतक्या वर्षांच्या संसारात तिला ती कधी आली नाही. "पण तो त्या फोनवर वेगळं हसायचा," ती म्हणाली, "पोटातून. फोन ठेवला की ते हसू बंद. मला वाटायचं त्याच्या आईलाच ते हसू येतं काढायला."

टीव्हीवर तिघं तपकिरी सूट घालून नाचत होते, मागे लाकडाची खोली, वाफ, बासेलचा अख्खा हॉल उड्या मारतोय. मुम्मो पुढे सरकून बसली आणि एकेक शब्द ऐकायला लागली, आणि मधेच म्हणाली, हा शब्द तो म्हणायचा. मग पुन्हा, हाही. चौथा नंबर आला, पैजा लावणाऱ्यांनी पहिला येईल म्हटलं होतं. आम्हा दोघींना त्याचं काही वाटलं नाही. मी तिचा हात धरून बसले होते आणि मला अकोल्याचं एसटीडी बूथ आठवत होतं. म्हणजे पुण्याचं. अकोल्याला फोन लागायचा ते पुण्याचं बूथ.

त्या वर्षीच्या कोजागिरीला आम्हा मराठी घरांचं दूध-जमणं आमच्याच बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये ठेवलं. ऑक्टोबरात बाहेर बसायची सोय नाही आणि चंद्र ढगात होता. दरवेळी मुलं हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचतात, तशी यावेळीही नाचली, छान नाचली. मग मी उठले. भुलाबाईची मूर्ती नव्हती, लेकीने मातीच्या दोन बाहुल्या केल्या होत्या, त्या पाटावर ठेवल्या. मला घाम आला होता खरं सांगते, ऑफिसमध्ये तीनशे लोकांसमोर बोलताना येत नाही तो. आजीच्या ज्या दोन ओळी उरल्यात त्या म्हटल्या, जशा होत्या तशा, माही, शायेत, नाई. पहिल्यांदा काऊन म्हणताना गळ्यात कुठेतरी अडकलं. दुसऱ्यांदा नाही.

कोल्हापूरच्या एका मुलाने विचारलं, मावशी, काऊन म्हणजे काय. माझी लेक माझ्या आधीच म्हणाली, "म्हणजे का, पण दारात उभं राहून." मी तिला हे कधी सांगितलं होतं मला आठवत नाही.

शेवटी खाऊ ओळखायचा होता. मुम्मोही आली होती, खुर्चीत ब्लँकेट घेऊन बसली होती, डबा तिच्याकडे दिला कारण खाऊ तिनेच केला होता. तिने तो जोरात हलवला. आतून धप्प असा एकच आवाज आला. चिवडा, कोणी म्हणालं. लाडू. मुनक्की, म्हणजे इथलं डोनट. केक. एकाने नुसतंच 'पुल्ला', म्हणजे इथला साधा गोड पाव, म्हटलं तेव्हा मुम्मो हसली आणि मान हलवली, जवळ आलात पण नाही, आणि डबा पुन्हा कानाशी नेऊन हलवला.